‘मशागत’ फक्त रानाचीच असते का?

शेवंती
नमस्कार मंडळी. एका शब्दावरून आमच्या घरात आठवडाभर वाद चाललाय, म्हणून इथे आले.

पुढच्या महिन्यात आमचे दादा पंचाहत्तर वर्षांचे होतायत (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो). गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. काळी जमीन, रब्बीची ज्वारी. त्या दिवशी पाव्हण्यारावळ्यांना द्यायला चार पानांची पुस्तिका करतोय आणि मजकूर माझ्या अंगावर आहे. त्यात मी लिहिलं, ‘दादांनी जन्मभर मशागत केली, जमिनीची आणि आमचीही.’ धाकट्या भावाने ‘मशागत’ खोडून वर लाल पेनाने ‘मेहनत’ लिहून पाठवलं. त्याचं म्हणणं, मशागत रानाची असते, पोरांची नसते. वाचणाऱ्याला खटकेल.

मला काही ‘मेहनत’ पटत नाहीये. मेहनत तर परीक्षेला बसणारा पोरगाही करतो. दादांचं जे होतं ते वेगळं होतं, पण वेगळं म्हणजे काय ते धड सांगताही येत नाही.

त्यात परवा ऑफिसातली लखनौची मैत्रीण म्हणाली, ‘बड़ी मशक्कत के बाद घर मिला.’ मी थबकलेच. मशक्कत आणि मशागत एकच का? आणि तुमच्याकडे मशागत कशाकशाची करतात?

जुने_पान
एकच. मूळ अरबी ‘मशक्कत’, अर्थ त्रास, हाल, जिवाला पडणारे कष्ट. फारसीतून आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूत मूळ अर्थाजवळ राहिला. उर्दूत सक्तमजुरीच्या शिक्षेला ‘क़ैद-ए-बामशक्कत’ म्हणतात, म्हणजे मशक्कतीसह कैद. तुर्कीतही तो हालअपेष्टांसाठीच आहे.

मराठीत मात्र तो शेतात गेला आणि तिथेच राहिला. पूर्वी आपल्याकडेही तो नुसत्या कष्टांसाठी वापरत असणार, याची खूण ‘मेहनत-मशागत’ या जोडीत आहे. अशा जोडशब्दांत बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना एकच अर्थ असतो: कामधंदा, बाजारहाट, कागदपत्र, तसंच हे.

त्यामुळे शब्दाच्या जन्माकडे पाहिलं तर तुमचं वाक्य चूक नाही. आज कानाला कसं लागतं, तो प्रश्न निराळा.

खजूर
दुबईत चौदा वर्षं झाली. आमच्या साइटवर एक इजिप्तचा फोरमन आहे. सुरुवातीला मी त्याला मोडक्यातोडक्या अरबीत कौतुकाने सांगायला गेलो की आमची माणसं फार ‘मेहनत’ करतात. तो एकदम काळजीत पडला, विचारतो, काय संकट आलं त्यांच्यावर? अरबीत ‘मिह्ना’ म्हणजे कठीण प्रसंग, कसोटी. आणि जरा हलक्या ‘ह’ने म्हटलं की त्याचाच अर्थ होतो पेशा! आपल्या कानाला दोन्ही ‘ह’ सारखेच.

‘हमाल’ मात्र लगेच कळतो त्यांना, आणि ‘मजूर’ही ओळखीचा वाटतो. त्यांच्याकडे ‘अज्र’ म्हणजे मोबदला, तो ज्याला मिळतो तो ‘माजूर’.

लाल_माती
शेवंतीताई, आमच्या कोल्हापुरात या दोन शब्दांची सरळ वाटणीच झालीया.

तालमीत ‘मेहनत’ म्हणजे जोर, बैठका, सपाट्या. ‘आज मेहनत झाली का?’ म्हंजे व्यायाम झाला का. ती अंगाची. आणि मशागत मातीची. आमच्या तालमीत हौद्याची, म्हंजे कुस्तीच्या आखाड्याची, माती उकरायची पाळी लावलेली असायची. पहाटे चारला उठून फावड्यानं माती खालीवर करायची, खडा वेचायचा, हातानं चाळून बघायचं. वर्षातनं ठरल्या टायमाला त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर पडायचा. मग पुन्हा खालीवर. माती अशी मऊ व्हायची की मूठ वळली तर वळायची आणि सोडली की भुगा. वस्ताद म्हणायचे, मातीची मशागत चुकली तर पोराचा खांदा जातोय.

तवा मला वाटतंय मशागत दुसऱ्याची असते, मेहनत आपल्या जिवाची. तुमच्या वडलांनी तुमची मशागत केली हे वाक्य मला तर शंभर नंबरी वाटतंय.

वखर
आमच्या वऱ्हाडात मशागत हा शब्द कृषी सहायकाच्या तोंडी जास्त. घरी आम्ही कामाचं नावच घेतो. नांगरटी झाली, वखरणी झाली, मग पेरणी, मग डवरणी, निंदण. पश्चिमेकडे तुम्ही कुळव म्हणता, पेरणीआधी ढेकळं फोडणारं औत, तो आमचा वखर; उभ्या पिकातलं तण काढणारं कोळपं म्हणता तो डवरा.

वावरात जायचं तर ‘मशागत कराले चाललो’ असं कोणी म्हणत नाही. ‘वखराले चाललो’ म्हणते.

मांडवी_काठ
वखरभाऊ, तुमचं ‘वावर’ वाचून राहवलं नाही. तुमच्याकडे वावर म्हणजे शेत ना? आमच्या गोव्यात कोंकणीत ‘वावर’ म्हणजे काम, श्रम, आणि काम करणारा तो ‘वावराडी’. आणि प्रमाण मराठीत ‘वावरणे’ म्हणजे नुसतं इकडेतिकडे फिरणं! लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘मामंजी वावरात गेले.’ मला वाटलं कामावर गेले. तसे ते कामावरच गेले होते म्हणा.

वखर
@मांडवी_काठ, वहिनी, मामंजी शेतात आणि कामावर एकाच वेळी! आता वावर या शब्दावर वेगळा धागा काढा तुम्ही.

धाकटा
मीच तो लाल पेनवाला भाऊ. ताईने धाग्याची लिंक पाठवली.

माझा विरोध शब्दाला नाही, तो अपुरा पडतोय याला आहे. मशागत म्हणजे पेरणीआधीची तयारी. दादांनी नुसती तयारी नाही केली. ७२ च्या दुष्काळात ते बावीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडली. तिथे मिळणारी सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या (बाहेरून आलेल्या ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख हातोडी बसून गेलं ते आजही वाकडंच येतं. ती मशागत होती का? ती मजुरी होती, कष्ट होते. एका रस्त्याची खडी, ज्या रस्त्याने ते स्वतः पुढे वर्षंवर्षं गेलेसुद्धा नाहीत. ‘मशागत’ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं आणि दादा जणू सुखाने कुळवावर उभे असलेले शेतकरी होतात.

म्हणून ‘मेहनत’. त्यात सगळं बसतं.

शेवंती
अरे, मग ‘कष्ट’ लिही ना. मेहनत कशाला?

धाकटा
‘दादांनी जन्मभर कष्ट केले’ हे प्रत्येक श्रद्धांजलीत असतं ताई. दादा जिवंत आहेत.

कोपऱ्यावरचे_काका
धाकट्या, तुमचा मुद्दा मनाला लागला. मी त्याच दुष्काळात नगर जिल्ह्यात होतो, शाळकरी वयात. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण एक सांगतो. त्या कामांवर नुसती खडी नव्हती. नाला बंडिंग (ओढ्यांना आडवे बांध) होतं, पाझर तलाव होते. आमच्या गावच्या तलावाच्या भिंतीवर माझी आई पाटीने माती टाकत होती. त्या तलावाखालच्या विहिरींना पुढे पाणी टिकलं. तेव्हा ती मजुरी होती हे खरं. आज त्या भिंतीवरून जाताना मला ती शिवाराची मशागत वाटते. काम तेच, पण चाळीस-पन्नास वर्षांनी त्याला दुसरं नाव द्यावंसं वाटतं.

जाता जाता, ‘पाट्या टाकणे’ हा वाक्प्रचार आज मन न लावता उरकलेल्या कामाला वापरतात. मला तो ऐकवत नाही. मी पाट्या टाकताना पाहिलेल्या आहेत.

पाऊलवाट
काका, खरंय तुमचं. मीही आता हा वाक्प्रचार वापरताना विचार करीन.

शब्दांचं निघालंच आहे तर ‘राबणे’ घ्या. राबणे म्हटलं की डोळ्यांसमोर दुसऱ्यासाठी झिजणारा माणूस येतो: सालगडी राबतो, सून राबते. ‘राबवून घेतलं’ म्हणजे तर सरळ पिळवणूक. आणि त्याच ‘राबवणे’ला आपण योजना जोडली! ‘शासनाने योजना राबवली.’ रोज पेपरात वाचून त्यातलं राबणं ऐकूच येईनासं झालंय.

‘खपणे’चं त्याहून नवल. आई दिवसभर स्वयंपाकघरात खपते, दुकानात माल खपतो, घरातली चूक खपवून घेतली जाते. तिन्हीकडे काहीतरी संपतंच आहे: अंग, माल, नाहीतर सहन करण्याची ताकद.

तरवा
कोकणातून बोलते. आमच्याकडे ‘राब’ म्हणजे निराळंच. भाताचा तरवा (रोपं) जिथे करायचा त्या जमिनीवर पालापाचोळा, शेण, कवळ, गवत पसरून पावसाच्या आधी भाजतात, तो राब. ‘राब भाजलास काय?’ हा उन्हाळ्यातला नेहमीचा प्रश्न. राबणे याच्यावरून आलं असं आमचे मास्तर सांगत.

जुने_पान
@तरवा, ऐकायला गोड आहे, पण मी ते जोडणार नाही. शब्द सारखे दिसतात एवढंच. कष्टाच्या शब्दांत सर्वांत बोलका मला ‘काबाडकष्ट’ वाटतो. काबाड म्हणजे लाकडं, गवत यांचं ओझं, जनावराच्या पाठीवर लादलेलं. ते वाहणारा काबाडी. ओझं गेलं, बैल गेला, कष्ट तेवढे राहिले.

षड्ज
मूळ प्रश्नावर येते, शेताबाहेर मशागत कुठे वापरतात ते सांगते. आमच्या गाण्यात सर्रास. ‘आवाजाची मशागत केलेली दिसते’ ही मोठी पावती समजतात. माझ्या गुरुजींनी पहिलं सव्वा वर्ष फक्त खर्ज भरायला लावला. पहाटे साडेपाचला तानपुरा जुळवायचा आणि खालच्या सा-वर बसून राहायचं. बंदिश नाही, राग नाही. आईने एकदा विचारलंच, पोरीला काही शिकवणार की नाही? गुरुजी म्हणाले, अजून रान तयार होतंय.

‘कमावणे’ही तसाच. कमावलेला आवाज, कमावलेलं शरीर, चांभाराने कमावलेलं कातडं. या कमावण्यात पैसा कुठेच नाही. ज्या वस्तूवर हात फिरतो ती वस्तू बदलते.

तेव्हा शेवंती, माणसांची मशागत चालते. निदान आमच्याकडे चालते.

बातमीदार_माजी
वर्तमानपत्रांत ‘मतदारसंघाची मशागत’ हे तर घासून गुळगुळीत झालंय. निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून सगळे मशागतच करत असतात. मी स्वतः कितीदा लिहिलंय! चूक म्हणणार नाही, पण त्या वापराने शब्दाची धार गेली हेही खरं. ज्याने कधी ढेकूळ फोडलं नाही त्याच्या नावापुढे हा शब्द लावताना आता हात अडखळतो.

भांगलणकरीण
सगळं वाचलं. सांगली जिल्ह्यातली आहे, माझी आई आजही दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, म्हणून हे लिहिते आहे.

मशागत, मशागत म्हणताय, तर आमच्या गावात मशागत म्हणजे कोणतं काम माहीत आहे? औताचं आणि आता ट्रॅक्टरचं. म्हणजे गड्याचं. ‘मशागत झाली, आता बायका लावा भांगलायला’ असं बोलतात. पुस्तकात भांगलणीला ‘आंतरमशागत’ म्हणतात, शेतावर कोणी म्हणत नाही. आणि मजुरी? गड्याची वेगळी, बाईची वेगळी. बाईची कमी.

भांगलण म्हणजे काय ते सांगते. प्रत्येकीने आपली पात धरायची. उकिडवं बसून पुढे पुढे सरकायचं, एका हातात खुरपं, दुसऱ्या हाताने तण ओढायचं. लव्हाळा वरून तोडून भागत नाही, खालची गाठ निघाली पाहिजे, नाहीतर आठवड्यात परत वर. हरळीचं तेच. दुपारी वर उन्ह आणि खाली तापलेली माती. आईच्या उजव्या तळव्यावर खुरप्याच्या मुठीच्या मापाचा घट्टा आहे. बोटांच्या चिरांत माती बसलीये, ती दिवाळीच्या उटण्यानेही निघत नाही. लहानपणी मी तिचा हात धरून ती चीर मोजायचे.

शेवंतीताई, राग मानू नका. दादांनी जमिनीची मशागत केली, तुमची केली. मग त्या वाक्यात आई कुठे आहेत?

लाल_माती
बरोबर बोलला ताई. निरुत्तर केलंत.

कोपऱ्यावरचे_काका
फार महत्त्वाचं. कूळ कायद्याच्या वेळची घोषणा ‘कसेल त्याची जमीन’. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. कसणे हाही कष्टाचाच शब्द, पण त्या ‘त्याची’त कसणारी बाई सातबाऱ्यावर क्वचितच आली. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकांच्या नावे जमीन करा म्हणून. आमच्या गावात दोन घरांनी केली. त्यातलं एक आमचं होतं याचा मला आजही आनंद आहे.

वखर
भांगलणकरीण ताईच्या म्हणण्याले एक जोड देतो. डवरणी गडी करते, निंदण बाया करते. डवरा दोन ओळींच्या मधातून जातो, पण झाडाच्या बुडाशी जे तण असते तिथं डवरा पोचत नाही. तिथं हातच लागते. ते राहिलं तर बाकीची मशागत वाया.

धाकटा
ताई, या प्रश्नाचं उत्तर आपल्या दोघांकडेही नाही. माझ्या लाल पेनालाही ते दिसलं नाही.

आणि आंतरमशागतीचा मुद्दा मी मागे घेतो. पेरणीआधीचीच ती मशागत असं मी म्हणालो होतो. आपल्याकडे ज्वारी उगवून आल्यावर दादा कोळपणी करायचेच की. भेगा बुजल्या की ओल टिकते, ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं ते दरवर्षी म्हणायचे.

शेवंती
तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण गावी आले होते. @भांगलणकरीण, राग कसला मानू! तुमचा प्रतिसाद मी एसटीत बसून चार वेळा वाचला. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आईचा हात बघितला. घट्टा आहे. मी पंचेचाळीस वर्षांची झाले आणि तो मी कधी बघितला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर पुस्तिकेचा कागद दादांना वाचायला दिला. वाक्य बदललं होतं: ‘दादांनी आणि आईने जन्मभर मशागत केली, जमिनीची आणि आमचीही.’ खाली मी एका वर्षाची आठवण लिहिली होती. त्या साली पाऊस तुटक तुटक पडत गेला, रान दर वेळी हिरवं व्हायचं आणि दादा परत कुळव जुंपायचे. उत्तरा नक्षत्रात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की नाही हे बघायला त्यांनी मला रानात नेलं, मुठीत माती दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. गोळा फुटला. म्हणाले, उद्या पेरायचं. पेरणीआधी कुळवाच्या तीन पाळ्या झाल्या होत्या असं मी लिहिलं होतं.

दादांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मी ‘मशागत’ शब्दावर त्यांची नजर थांबते का ते बघत होते. नाही थांबली. खिशातली पेन्सिल काढली, ‘तीन’ खोडून ‘चार’ केलं आणि कागद परत दिला. ‘चौथी पाळी आडवी घातली हुती. पोळ्याच्या आदल्या दिवशी.’ एवढंच.

मग आईला वाचून दाखवलं. ती मात्र थांबली. म्हणाली, ‘मशागत म्या न्हाई केली. कुळव ह्यांनी धरला. म्या खुरपलं.’ मी समजावत होते की आई, तीही मशागतच असते, पुस्तकात तसंच म्हणतात. ऐकेना. ‘खुरपलं असंच लिव्ह. खुरपायला कुणी यायला तयार नव्हतं तवा सात महिन्यांची पोटुशी असताना सगळं रान एकटीनं खुरपलंय.’ सात महिन्यांची पोटुशी म्हणजे मी.

आता वाक्य असं आहे: ‘दादांनी मशागत केली, आईने खुरपलं.’ पुढचं ‘जमिनीची आणि आमचीही’ मी काढून टाकलंय.

भांगलणकरीण
ताई, माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईला माझा नमस्कार सांगा.

जुने_पान
मी पहिल्या प्रतिसादात शब्दाच्या जन्माबद्दल लिहिलं होतं. आईंचं ऐकून वाटलं, तो जन्म त्यांना माहीत असण्याची गरजच नव्हती. त्यांना कोणतं काम कोणाचं हे माहीत होतं.

षड्ज
शेवंती, ‘जमिनीची आणि आमचीही’ काढलंस याची जरा हुरहुर लागली. पण कळतंय.

धाकटा
ताई, मजकूर उद्या सकाळी छापखान्यात देतोय. ७२ ची खडी मी दुसऱ्या पानावर घातलीये, दादांना विचारून. त्यांनी त्यातही एक दुरुस्ती केली: हातोडी नव्हे, घण. लाल पेन आता तुझ्याकडे ठेव. आणि शेवटच्या पानावर आईच्या हाताचा फोटो टाकायचा का? ती नाही म्हणतेय, तू एकदा बोलून बघ.